पिल्लाच्या ताटातले कच्चे मांस

कोल्हापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तीन महिन्यांचे कारवान जातीच्या कुत्र्याचे पिल्लू घरी आणलेस हे वाचून फार आनंद झाला. शिकारी रक्ताचे कुत्रे आहे आणि लांडगा काही शिजवून खात नाही, म्हणून त्याला केवळ कच्च्या मटणावर वाढवणार असे तू लिहितोस. कुत्र्याला कच्चे मांस घालू नये असे मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः इतकी वर्षे ते घालत आलो आहे. परंतु लांडगा मटण खात नाही, तो जनावर खातो. त्या जनावरात हाड असते, काळीज असते, रक्त असते, चरबी असते. तू दुकानातून आणतोस त्या खिम्यात यातले फारसे काही नसते.

माझ्या पहिल्या पिल्लाच्या बाबतीत मी नेमकी हीच चूक केली. रोज ताजा, निवडक, हाड काढलेला खिमा घालत होतो आणि त्याच्या चकाकत्या अंगाकडे पाहून समाधान मानत होतो. चौथ्या महिन्यात ते उठताना कण्हू लागले, पुढचे पाय मनगटापाशी बाहेर झुकले, आणि एके दिवशी ओट्यावरून उडी मारली तेवढ्याने मागचा पाय मोडला. पशुवैद्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा हाड आणि भोवतालचे मांस यांच्या छटेत फरक शोधावा लागत होता. शंभर ग्रॅम मांसात फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तर कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे अधिकच लागते. अन्नातून ते मिळाले नाही की शरीर ते हाडांतून काढून घेते, आणि वरून पिल्लू धष्टपुष्ट दिसत असतानाच आतून त्याचा सांगाडा पोकळ होत जातो. तो पाय जुळला. परंतु ते कुत्रे पुढे कधी मोकळेपणाने धावले नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे.

म्हणून ताटात हाड हवे. मात्र ते कोणते आणि कसे, हे समजून घे. कोंबडीची कच्ची मान मऊ असते. पिल्लाला ती कुटून किंवा दळून द्यावी, मोठ्या कुत्र्याला अख्खी चालते. बकऱ्याची जाड नळी देऊ नये, कारण ती फोडण्याच्या नादात दाढेचा पापुद्रा निघतो. शिजलेले हाड तर कधीच नको. आपल्याकडे रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाला की उरलेली हाडे मायेने कुत्र्यापुढे टाकतात. शिजलेल्या हाडाच्या सुऱ्यांसारख्या चिरफळ्या निघतात, आणि त्याला लागलेला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो. हाडाचे प्रमाण एकूण अन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेव आणि रोज सकाळी विष्ठा पाहा: खडूसारखी पांढरी आणि भुसभुशीत दिसली तर हाड जास्त झाले. मोठ्या कुत्र्याला एखादे दिवशी हाड मिळाले नाही, तर अर्धा किलो मांसामागे अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा ते पाऊण चहाचा चमचा मिसळावी. पिल्लाचा हिशेब मात्र पशुवैद्यांकडून करून घे. तिथे अंदाज चालत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. मटणाच्या दुकानात काळीज किंवा फुप्फुस घेताना ते उलटून पाहा. कधी कधी त्याच्या कडेला बोराएवढा पांढुरका फोड दिसतो आणि बोटाने दाबला तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा लागतो. खाटीक तेवढा भाग सुरीने कापून बाजूला फेकतो, आणि दुकानाबाहेर टपून बसलेली कुत्री तोच तुकडा झेलतात. त्या फोडात फीतकृमीची पिले असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात, तेही अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे विष्ठेत ते नजरेला पडत नाहीत. सहा-सात आठवड्यांत त्यांची अंडी बाहेर पडू लागतात आणि कुत्र्याच्या केसांना चिकटतात. कुत्र्याला त्याचा काहीही त्रास होत नाही. त्याच्या अंगावरून हात फिरवून तोच हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलाच्या यकृतात मात्र वर्षानुवर्षे पाण्याची गाठ वाढत राहते आणि अनेकदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. तुझ्या घरी धाकटी भाचरे आहेत, म्हणून हे इतके विस्ताराने लिहिले. उणे १८ अंशांखाली आठवडाभर गोठवल्यास हा धोका बराच टळतो. परंतु घरातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर मी विसंबत नाही, आणि गोठवल्याने जिवाणू मरतही नाहीत. शेळी-मेंढीचे काळीज, फुप्फुस आणि वजडी मी अर्धा-पाऊण तास उकळूनच घालतो, मग घरात कोणी काहीही म्हणो. मेंढीचे मुंडके तर कुत्र्याला अजिबात देऊ नये: मेंदूतल्या अशाच फोडांमुळे मेंढ्या एकाच जागी गरगर फिरून मरतात, आणि ते चक्र कुत्र्यामार्फतच चालू राहते. काळीजही एकूण अन्नाच्या विसाव्या हिश्श्याहून जास्त नको, कारण त्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते.

भाकरीला तू कमी लेखतोस, ते मात्र मला पटले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात असे दिसले की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात साधारण दोनच असतात, कुत्र्यात मात्र त्याहून कितीतरी अधिक. पट्टणकोडोलीच्या बाजूचे धनगर शेतात बकरी बसवायला येतात तेव्हा त्यांची कुत्री एकदा नीट पाहा. भाकरी आणि ताकावर वाढलेली ती जनावरे दिवसभर कळपाबरोबर चालून रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, जागी राहतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा तुझे कुत्रे धावेल आणि शेताची राखण करेल, एवढेच त्याचे काम. बर्फात गाडी ओढणारी कुत्री शर्यतीच्या दिवसांत रोज दहा हजारांच्या आसपास कॅलरी खातात. ते वाचून इथल्या उन्हात चरबीचा मारा करू नकोस. बावीस किलोच्या कुत्र्याची विश्रांतीची गरज सातशे कॅलरींच्या जवळपास असते, आणि नेमाने पळणाऱ्याला त्याच्या दुप्पट किंवा थोडे अधिक पुरते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या पाहिजेत. कारवानच्या बाबतीत ती उपासमार नव्हे. खोल छातीच्या कुत्र्याला पळण्याआधी कधीही भरपेट घालू नकोस, कारण जठर फुगून पिळवटले तर काही तासांत जीव जातो. धावून आल्यावर तासभर विसावू दे, मग खायला दे. वीस मिनिटांत जे संपले नाही ते उचलून टाक, आणि भांडे व हात साबणाने धू.

या आठवड्यात त्याला पशुवैद्यांकडे ने. आधी वाण्याच्या काट्यावर वजन करून ते कागदावर लिहून घे, कारण प्राझिक्वांटेल या फीतकृमीवरच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि पुढची मात्रा किती आठवड्यांनी द्यायची हेही तिथेच विचारून घे. मी दर सहा आठवड्यांनी देतो.

तुझा,
काका