हक फिन उपरोधिक बोलतो का?

प्रश्न असा होता की न्यूजर्सीत अकरावीला असलेल्या मुलीला शाळेत मार्क ट्वेनचं 'हकलबेरी फिन' लावलंय, तिला आयरनी आणि सटायर मराठीतून समजावायचंय, तर आयरनीला उपरोध म्हणायचं, उपहास म्हणायचं की व्यंग?

व्यंग आधी बाद करा, ते हिंदीतल्या 'व्यंग्य'वरून हल्ली आपल्याकडे घुसलंय, मराठीत व्यंग म्हणजे शरीरातलं न्यून, व्यंगचित्रापुरतं ठीक आहे. सटायरला उपहास चालेल. विडंबन म्हणजे कुणाच्या तरी शैलीची नक्कल, तेही या पुस्तकात आहे म्हणा, ड्यूक म्हणवून घेणारा भामटा हॅम्लेटच्या स्वगतात मॅकबेथच्या ओळी कोंबून ठोकून देतो ते. आणि कमिंग ऑफ एजला, म्हणजे पोर मोठं होत शहाणं होतं त्या गोष्टीला, कृपा करून 'वयात येणे' म्हणू नका, घरात भलताच विषय निघेल. जाण येणं म्हणा.

आता आयरनी. उपरोध शब्द चुकीचा नाहीये पण उपरोधात बोलणाऱ्याला ठाऊक असतं की आपण उलटं बोलतोय. तासभर उशिरा आलेल्याला आपण "वा, काय वेळेवर आलात!" म्हणतो तसं. हकच्या बाबतीत तिथेच गाडं अडतं, कारण तेरा-चौदा वर्षांचं हे पोरगं गोष्ट सांगतंय पण त्यातली ग्यानबाची मेख त्याला स्वतःलाच माहीत नाही. ग्रेंजरफर्ड आणि शेफर्डसन ही दोन हाडवैरी घराणी एकाच चर्चमध्ये गुडघ्यांत बंदुका धरून बसतात, बंधुभावावरचं प्रवचन ऐकतात, घरी येताना प्रवचन काय सुंदर झालं म्हणून तारीफ करतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांचे मुडदे पाडतात. हकची तक्रार काय, तर रविवार फार जड गेला! तो टोमणा मारतच नाहीये. आपल्याकडे शालजोडीतला म्हणतात ना, तर इथे हक म्हणजे नुसती शाल, आतला जोडा ट्वेनचा. म्हणून मुलीला 'हक उपरोधिक बोलतो' असं लिहू देऊ नका, 'लेखक हकच्या भाबडेपणातून उपरोध साधतो' असं लिहायला सांगा.

एकतिसावं प्रकरण तर तिच्याबरोबर बसून वाचाच. जिमला, म्हणजे मिस वॉटसनकडून पळून हकबरोबर तराफ्यावरून नदीने निघालेल्या गुलामाला, राजा म्हणवणाऱ्या भामट्याने चाळीस डॉलरला विकलंय. गुलाम पळवणं म्हणजे चोरी आणि चोरी म्हणजे पाप हे हकच्या डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून तो मिस वॉटसनला पत्र लिहून जिमचा पत्ता कळवतो आणि त्याला एकदम पाप धुतल्यासारखं हलकं वाटतं. मग आठवतं की तराफ्यावर आपली झोपमोड नको म्हणून जिम स्वतःची पाळी झाली तरी आपल्या वाटची राखणही करायचा. कागद हातात धरून तो थरथरतो आणि "बरं तर मग, जातो नरकात" म्हणून फाडून टाकतो. त्याला खरंच वाटतंय की आपण नरकात जाणार, इथे हसू येत नाही. म्हणूनही उपहास शब्द इथे तोकडा पडतो.

अजून एक. कॉन्शन्सला आपण सवयीने 'सदसद्विवेकबुद्धी' लिहून मोकळे होतो, पण त्या शब्दात चांगलं-वाईट ओळखणं आधीच धरलेलं आहे, आणि हकची तर तीच गावाने नासवलेली! ट्वेनने १८९५ साली आपल्या वहीत लिहिलंय की या पुस्तकात धडधाकट काळीज आणि वाकडं कॉन्शन्स यांची टक्कर होते आणि कॉन्शन्स हरतं. वाकडी सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काहीच्या बाही होतं, त्यापेक्षा 'मनाची टोचणी' बरी, टोचणी चुकीच्या गोष्टीचीही लागते.

आणि ही टक्कर ट्वेनच्या घरातली होती. १८९६च्या जानेवारीत तो मुंबईला आला होता, तिथल्या हॉटेलात एका जर्मन माणसाने नोकराच्या थोबाडीत मारलेली पाहून त्याला एकदम लहानपण आठवलं, गुलामांना असंच समजवायची पद्धत होती. त्याने लिहून ठेवलंय की तेव्हा आपल्याला ते रीतीचंच वाटायचं, आणि तरी मार खाणाऱ्याबद्दल वाईट वाटायचं, मारणाऱ्याची लाज वाटायची.