चेंबर, जाळी आणि घरचा मिस्त्री

पावसाळा सरला की रस्त्यातले खड्डे उघडे पडतात आणि माझ्याकडे चेंबरचे, म्हणजे गाडीच्या इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे, प्रश्न येतात. या वेळी त्यातलेच पाच घेतले आहेत.

कुंभार्ली घाटात खालून दगड लागला. ऑइल ठिबकतंय. मिस्त्री म्हणतो चेंबर फुटला. एम-सील लावून चालेल का? लाल दिवा लागला नव्हता, म्हणजे इंजिन ठीक असेल ना? (चिपळूण)

दिव्यावर विसंबू नका. तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही एवढंच सांगतो. पंपाला ओढायला घोटभर ऑइल मिळतंय तोवर तो गप्प बसतो. पेटतो तेव्हा बेअरिंगं कोरडी पडू लागलेली असतात. म्हणून खालून काही लागलं की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, वाकून बघा, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. दिवा पेटलाच तर "दोन किलोमीटरवर तर घर आहे" असं म्हणू नका. त्या दोन किलोमीटरांत क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जातो.

एम-सील गॅरेजपर्यंत पोचवेल, तेही पत्र्याच्या चेंबरला बारीक चीर असेल तर. आधी उरलेलं ऑइल काढा, जागा पॉलिश पेपरने घासा आणि पूर्ण कोरडी करा. तेलकट पत्र्यावर ते धरतच नाही. ॲल्युमिनियमचा ओतीव चेंबर तडकला असेल तर आर्गन वेल्डिंग होतं खरं, पण वर्षानुवर्षं ऑइल मुरलेल्या धातूत टाका नीट बसत नाही. मी तरी नवा घ्यायला सांगतो.

फुटला नाही, नुसता चेपला, तरी सुटका नाही. ऑइल ओढणारी जाळी, म्हणजे स्ट्रेनर, चेंबरच्या तळापासून थोड्याच मिलिमीटर अंतरावर असते. पोचा नेमका तिच्याखाली आला तर तिचं तोंड दाबलं जातं. मग डिपस्टिक पूर्ण दाखवते आणि चढावर रेस केली की इंजिन उपाशी राहतं.

लहान पेट्रोल गाडी आहे. चेंबर आणि जाळी घरीच बदलायची इच्छा आहे. जमेल का? (सांगली)

आधी खालून नीट बघा. चेंबरच्या आड सायलेन्सरचा पाइप असेल तर तो सुटतो. पण आडवी चॅसी येत असेल आणि इंजिन उचलावं लागत असेल, तर तिथेच हात जोडा आणि गॅरेज गाठा.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. सपाट, पक्की फरशी, दोन दणकट स्टँड आणि मागच्या चाकांना दगड, एवढं हवंच. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नको.

चेंबरचे बोल्ट बहुतेक लहान गाड्यांत 10 नंबरच्या गोटी पान्याने निघतात. लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून त्याच जागी खोचून ठेवा. बोल्ट निघाले तरी चेंबर सीलंटने, म्हणजे गळती रोखणाऱ्या लेपाने, चिकटलेला राहतो. तिथे स्क्रू-ड्रायव्हर घुसवण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण ॲल्युमिनियमच्या कडेवर ओरखडा पडला की ती जागा जन्मभर पाझरते. कोपऱ्यावर लाकडी ठोकळा धरून बाजूने ठोका.

खरं काम इथून पुढे आहे. काढायला तासभर लागला तर जुनं सीलंट खरवडायला दोन तास द्या. प्लॅस्टिकची किंवा पितळेची पट्टी वापरा. ग्राइंडरची घासणारी चकती अजिबात नको. तिची खर इंजिनात उडते आणि ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचते. शेवटी दोन्ही बाजू क्लीनरने पुसा. बोटाला तेलकट लागता कामा नये.

सीलंट साधारण 3 मिमी जाडीचं, सलग, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. जास्त लावलं म्हणजे जास्त पक्कं, असं उमेदवारीच्या काळात मलाही वाटायचं. जितकं बाहेर दिसतं तितकंच आतही फुगतं, तुकडा सुटतो आणि जाळीत जाऊन बसतो. एक इंजिन मी असंच परत उघडलं आहे, स्वतःच्या खर्चाने.

बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून आवळा. साधारण 8 ते 12 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. त्याहून जास्त जोर लावलात तर आटे जातात. ऑइल दुसऱ्या दिवशी भरा.

जाळी, चेंबर दोन्ही बदलले. गळती थांबली, पण आता सकाळी ऑइलचा दिवा चार-पाच सेकंद विझत नाही. पूर्वी लगेच विझायचा. (पुणे)

जाळीचा पाइप पंपाला जिथे जुळतो तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलली का? जुनीच बसवली असेल, किंवा नवी बसवताना चिरली असेल, तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. तिथून काहीच ठिबकत नाही, त्यामुळे कळत नाही. ऑइल फिल्टर हलक्या प्रतीचा बसवला असेल तरीही असं होतं, म्हणून आधी तो बघा. नंतर प्रेशर गेज लावून दाब मोजून घ्या. तोवर गाडी जपून नव्हे, उभीच ठेवा.

चेंबर उघडला तर तळाला डांबरासारखा गाळ. जाळी रॉकेलने धुऊन परत बसवू का? (कोल्हापूर)

नवी बसवा. दुमडलेल्या कडांतला गाळ धुऊन निघत नाही. तो गाळ फेकण्याआधी बोटांत चोळून बघा. सोनेरी चमक दिसली तर बेअरिंग झिजतंय. लोहचुंबकाला कण चिकटले तर पोलाद. प्लॅस्टिकचे तुकडे निघाले तर टायमिंग चेनच्या पट्ट्या तपासा. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी मिसळलंय. आणि अशा जुन्या इंजिनात फ्लश, म्हणजे आतून गाळ सोडवणारं द्रव, टाकू नका, सुटलेली खपली नव्या जाळीत अडकेल. ऑइल दोन-तीनदा लवकर बदला.

निघालेलं जळकं ऑइल वाळवीसाठी गोठ्याच्या वाशांना लावू का? (संगमेश्वर)

पूर्वी सगळे लावायचे. आता नको. त्यात झिजलेला धातू असतो, पावसाने ते जमिनीत उतरतं, आणि तुमच्याकडे विहीर गोठ्यापासून किती लांब असणार? कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून ते गोळा करणारा नेतो. कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहायला विसरू नका. घरातलं कोणीतरी ते परत इंजिनात ओततं.