भाडं म्हणजे कमाई नव्हे: गाडीमालकांची प्रश्नोत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं एका बैठकीत वाचून काढली. कळंबोली, तळोजा, उरण, वाशी, भिवंडी. ठिकाणं वेगळी, गोंधळ तोच. एक-दोन गाड्यांचा मालक हातात आलेल्या भाड्याला कमाई समजतो आणि कर, विमा, कर्ज या बाबतीत पार्किंगमध्ये कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीवर विसंबतो. मी गेली अठरा वर्षं वाहतूकदारांचे हिशोब आणि कर पाहते. या सदरातली उत्तरं दिशा दाखवण्यापुरती आहेत. सही करण्याआधी किंवा पैसे भरण्याआधी आपली कागदपत्रं जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न: माझी एकच दहाचाकी आहे, एकूण वजन २८.५ टन. खर्च जाऊन काही उरत नाही, मग रिटर्न कशाला भरू? त्यात गाडी दोन महिने गॅरेजला पडून होती. (तळोजा)

भरायचंच. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्यांसाठी कायद्यात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. आपण सगळे तिला ४४एई म्हणतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुना क्रमांक सापडला नाही तर घाबरू नका. एकूण वजन १२ टनांपेक्षा जास्त असेल तर टनामागे महिन्याला १,००० रुपये, त्याखालच्या गाडीला महिन्याला सरसकट ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. तुमच्या गाडीचे वर्षाला ३,४२,००० झाले. गॅरेजमधले दोन महिनेही यात येतात, कारण हा हिशोब मालकीचा आहे, धावण्याचा नाही. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर जास्तीचा दाखवायचा. कमी दाखवायचा असेल तर पूर्ण वह्या आणि ऑडिट लागतं.

नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर तुम्हाला काही भरावं लागणार नाही. पण उद्या कर्ज मागायला गेलात, किंवा देव न करो, अपघाताच्या दाव्यात उत्पन्न सिद्ध करायची वेळ आली, तर हाच कागद पुढे ठेवावा लागतो. शेती, घरभाडं असं दुसरं काही असेल तर आधी सल्लागाराला सांगा.

प्रश्न: टोलचा वार्षिक पास ट्रकला चालतो का? (भिवंडी)

नाही, तो फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे.

प्रश्न: ट्रान्सपोर्टवाला प्रत्येक बिलातून टीडीएस कापतो. माझ्या दोनच गाड्या आहेत. (कळंबोली)

दहा किंवा कमी गाड्या असल्याचं लेखी घोषणापत्र आणि पॅन त्याला द्या, कापायचं कारण उरत नाही. आजवर कापलेली रक्कम आयकर पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात दिसते का, ते आज रात्रीच बघा. दिसत नसेल तर कापलेला पैसा कदाचित भरलेलाच नाही, किंवा तुमच्या पॅनवर दाखवलेला नाही. मग बिलं घेऊन सल्लागाराकडे जा, वर्ष संपायची वाट पाहू नका.

प्रश्न: मिस्टरांची दहाचाकी आहे, त्यावर ड्रायव्हर ठेवला आहे. वही मी लिहिते. महिन्याला ६,००० किलोमीटर होतात, भाडं २,९०,००० येतं. डिझेल १,३५,०००, टोल ४२,०००, ड्रायव्हरचा पगार २५,०००, भत्ता १०,०००, हप्ता ५२,०००. उरलेल्या २६,००० मध्ये घर चालतं. तरी दर सहा महिन्यांनी कुणाकडून तरी उसने घ्यावे लागतात. पैसे जातात कुठे? (कामोठे)

ताई, तुम्ही आकडे लिहून पाठवलेत त्याचा मला फार आनंद झाला. शंभरातले नव्वद जण 'बरं चाललंय' एवढंच लिहितात. आता तुमच्याच वहीत तीन ओळी वाढवू.

पहिली ओळ टायरची. दहा टायर, एक साधारण २०,००० चा धरला तर २ लाख. जोड ८०,००० किलोमीटर चालली असं धरा. किलोमीटरमागे अडीच रुपये झाले, म्हणजे महिन्याला १५,०००. दुसरी ओळ विमा, फिटनेस, कर आणि परमिटची. वर्षाचे ९०,००० धरले तर महिन्याला ७,५००. तिसरी ओळ ऑइल, सर्व्हिसिंग, युरिया (धूर कमी करायला गाडीत घालतात तो), ब्रेक लायनर यांची. किलोमीटरमागे दीड रुपया धरला तरी ९,०००. तिन्ही मिळून ३१,५००. तुमच्याकडे उरतात २६,०००. म्हणजे गाडी महिन्याला ५,५०० तोट्यात आहे आणि घरात खर्च होणारे २६,००० हे पुढच्या टायरचे आणि पुढच्या विम्याचे पैसे आहेत. दर सहा महिन्यांनी जी उसनवारी होते, ती इथून येते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या वडिलांची सहाचाकी लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा आणायची. त्यांच्या वहीत डिझेल, हमाली, नाक्यावरचा चहा, सगळं लिहिलेलं असे. टायरचं पान नव्हतं. एका पावसाळ्यात आठवडाभरात दोन टायर गेले आणि आईच्या पाटल्या गेल्या. वडील दिवसरात्र राबत होते, त्यांच्या कष्टात काही कमी नव्हतं. वहीत एक पान कमी होतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला टायरपेक्षाही महत्त्वाची वाटते. हप्ता, ड्रायव्हरचा पगार आणि वर्षाचे कागद हा खर्च गाडी हलली नाही तरी होतो. तुमचा तो ८४,५०० आहे. तीसने भागा. गाडी नुसती उभी असली तरी दिवसाला २,८०० रुपये जातात. न्हावा शेवाला गेटबाहेरच्या रांगेत एक दिवस, भिवंडीच्या गोदामात 'उद्या खाली करू' म्हणून एक दिवस, कळंबोली सर्कलला आणि मुंब्रा बायपासला शहरात शिरायची वेळ होईपर्यंत अर्धा दिवस. असे चार दिवस गेले की ११,००० च्या वर गेले, आणि वहीत त्याची एक ओळही नाही. तुमचा एकूण खर्च ६,००० किलोमीटरला प्रत्येकी ४९ रुपये पडतो. गाडी ५,००० च धावली तर तोच ५२ होतो, ७,००० धावली तर ४७ वर येतो. यात मिस्टरांच्या स्वतःच्या मेहनतीचा एक रुपयाही धरलेला नाही.

म्हणून भाडं ठरवताना हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसेही ठरवा. किती तासांनंतर, दिवसाला किती, हे फोनवर नको, मेसेजवर लिहून घ्या. रिटर्न भाड्याचंही हेच. गाडीला परत यायचंच आहे, त्यामुळे स्वस्त भाडंही पदरात पडतं, हे खरं. पण ८,००० च्या रिटर्नसाठी दोन दिवस थांबलात तर ५,६०० थांबण्यात गेले. वर भरल्या गाडीचं जास्तीचं डिझेल आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. एका दिवसात मिळालं तर घ्या, नाहीतर रिकामी निघा.

टायर आणि देखभालीचे किलोमीटरमागे चार रुपये आणि कागदांचे महिन्याला ७,५०० यासाठी वेगळं बँक खातं उघडा. पैसे ट्रिप संपल्याच्या दिवशीच तिकडे टाका, महिनाअखेरीला नाही. सहा महिन्यांची वही घेऊन आपल्या हिशोबनिसाकडे बसा. हप्त्याची मुदत वाढवून घ्यायची की काही ठरावीक गिऱ्हाइकं सोडायची, हे तुमचे खरे आकडे पाहिल्याशिवाय मी इथून सांगणार नाही.

प्रश्न: एजंट म्हणतो, जीएसटी नंबर काढ, नाहीतर भाडं मिळणार नाही. आठ हजार मागतोय. (उरण)

तुम्ही स्वतःची बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक-पावती, फाडता का? नसाल, गाडी फक्त बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याने देत असाल, तर त्या भाड्यावर जीएसटी माफ आहे आणि त्यासाठी नंबर काढायची सक्ती नाही. स्वतःच्या नावाची बिल्टी देऊ लागलात की नियम वेगळे. तेव्हा मात्र सल्ला घेऊनच पुढे जा.

आठ हजारांपेक्षा मला दुसरी भीती आहे. तुमचं आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी एजंटला दिलात, तर तुमच्या नावावर नंबर काढून दुसराच कुणी खोटी बिलं फाडू शकतो. नोटीस मात्र तुमच्या घरी येते. असं झालेले दोघेजण माझ्याकडे आले होते. दोघांनाही आपल्या नावावर नंबर आहे हेच ठाऊक नव्हतं. ओटीपी कुणालाही सांगू नका.

प्रश्न: ट्रान्सपोर्टवाल्याकडे बॅलन्सचे, म्हणजे उरलेल्या भाड्याचे, १,४०,००० चार महिने अडकलेत. पोच दिली, तरी 'पार्टीकडून आले की देतो' हेच ऐकतोय. (कळंबोली)

चार महिने का थांबलात? पार्टीने त्याला दिले की नाही हा त्याचा प्रश्न आहे. गाडी त्याने लावली, पैसे त्यानेच द्यायचे.

मालवाहतूक ही सेवा आहे, त्यामुळे एक गाडीचा मालकही उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद करू शकतो. नोंदणी पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची आहेत, तिकडे जाऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दावा सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करता येतो. नोंदणी आधी आणि काम नंतर असा क्रम असेल तर दावा भक्कम होतो, म्हणून ज्यांचे पैसे आज अडकलेले नाहीत त्यांनी ती आजच करावी. तुमची नोंदणी नसेल तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. पोचेचा दोन्ही बाजूंचा फोटो, ॲडव्हान्सची बँक नोंद आणि भाडं ठरल्याचा मेसेज सोबत न्या.

प्रश्न: मित्राची गाडी चालू हप्त्यावर घेतोय. हप्ते मी भरणार, कर्ज फिटलं की नावावर करून देईल. नोटरी केली आहे. (वाशी)

करू नका. गाडी ज्याच्या नावावर, मालक तोच. फायनान्स कंपनीने संमती दिलेली नाही, त्यामुळे उद्या मित्राचं दुसरं कर्ज थकलं किंवा त्याच्या घरात वाद झाला तर तुम्ही भरलेले हप्ते त्या नोटरीच्या कागदावरच राहतील. विम्याचा दावाही अडू शकतो, कारण पॉलिसी मित्राच्या नावावर आहे. मित्रालाही हा प्रश्न वाचायला द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते. रस्ता एकच: कर्ज तुमच्या नावावर करून घेणं किंवा फेडून एनओसी घेणं, आणि मग आरटीओत नाव बदलणं. फायनान्स कंपनीच्या शाखेत दोघं मिळून जा.

प्रश्न: पाच टन जास्त टाकले तर भाडं वाढतं. सगळेच टाकतात. (तळोजा)

दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. पाच टनांचे ३०,००० झाले, शिवाय जादा माल तुमच्या खर्चाने उतरवायचा.

प्रश्न: बारा वर्षं ट्रेलर चालवतोय. जीएसटी कमी झाल्याने गाड्या स्वस्त झाल्यात, आता स्वतःची घ्यावी म्हणतो. शोरूमवाला आठ टक्क्यांनी कर्ज देतोय, ३० लाखांचं, पाच वर्षांसाठी. महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणतो. (उरण)

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला हे खरं आहे. तो दर महिनाअखेरीला संपत नाही. घाई शोरूमला आहे, तुम्हाला नाही.

हप्ता किती सांगितला ते विचारा. ७०,००० म्हणाला असेल तर हे आठ टक्के 'फ्लॅट' आहेत. पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ३० लाखांवर व्याज लावलं आहे, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. घटत्या शिलकीवर तोच दर १४ टक्क्यांच्या थोडा वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी मुख्य तथ्यांचं पत्रक देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक खरा दर छापलेला असतो. ते पत्रक मागा, आणि दुसऱ्या दोन ठिकाणची पत्रकंही आणा.

गाडी कशी चालवायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पण माल कोण देणार, हे अजून तुम्ही लिहिलेलं नाही. आज ज्या मालकाकडे आहात त्याच्याकडून किंवा एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीकडून महिन्याला किती ट्रिप, कोणत्या दराने, याचं निदान एक पत्र घ्या. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका. पत्रक, ते पत्र आणि वर ताईंना सांगितलेला किलोमीटरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडून सल्लागाराकडे जा. सही त्यानंतर.