दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट असून रॉटरडॅमचा चित्रपट महोत्सव गाजवणारा तमिळ 'कूळांगल' नेमका कसा तयार झाला?

मूळ घटना दिग्दर्शक पी. एस. विनोदराज यांच्या घरातलीच. नवऱ्याने घराबाहेर काढलेली त्यांची बहीण लेकराला घेऊन चालत माहेरी आली. विनोदराजनी पडद्यावर ती पायपीट उलटी केली: इथे दारुडा नवरा पोराला घेऊन उन्हात चालतो. (हा फिरवलेला डाव मला सगळ्यात आवडला.)

चित्रीकरण मदुराईजवळच्या रखरखीत माळावर, तेही भर उन्हाळ्यात. पोरगा तहान मारायला तोंडात गारगोटी धरतो; संवाद बेताचेच. विनोदराज पूर्वी चेन्नईत डीव्हीडीच्या दुकानात कामाला होते, जगभरचा सिनेमा तिथेच पाहिला. पुढे अभिनेत्री नयनतारा आणि दिग्दर्शक विघ्नेश शिवन निर्माते म्हणून पाठीशी उभे राहिले. 2021 मध्ये चित्रपटाला रॉटरडॅम महोत्सवाचा टायगर पुरस्कार मिळाला, नंतर तो भारताची प्रवेशिका म्हणून ऑस्करलाही गेला.