संविधानाची उद्देशिका शाळेच्या भिंतीवर लावताय? आधी एवढं बघा

मॅडम, पहिल्याच वर्षी हे काम अंगावर घेतलंत, छान केलंत. सुरुवातीला मोजकंच सांभाळा.

मजकूर आधी तपासा. नेटवरून मूळ प्रतीचा नक्षीदार फोटो उचलला जातो. दिसायला देखणा, पण त्यात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेले ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द नसतात. तो लावायचाच तर शेजारी आजचा मराठी मजकूर हवाच.

छापण्याआधी प्रूफ दोघांनी वाचा. आमच्या फ्लेक्सवर ‘बंधुता’चं ‘बंधूता’ झालं होतं. सातवीतल्या मुलीनं दाखवलं, आम्ही आठ मास्तर रोज समोरून जात होतो!

जागा: मुख्याध्यापकांच्या खोलीत, ढालींच्या कपाटावर नको. हात धुवायच्या नळापाशी लावा, पाचवीतल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. रांगेत उभी मुलं आपसूक वाचतात. उन्हाची भिंत टाळा.

परिपाठात नुसती घोकून घेऊ नका. आठवड्याला एकच शब्द घ्या. कलमं, हक्कांची यादी सध्या राहू द्या. शेवटच्या ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’पाशी मात्र थांबा आणि विचारा, कुणी कुणाला अर्पण केलं? आमच्याकडे पहिलं उत्तर आलं, “सरकारला.” तिथून तास रंगला.