सीए सर्व्हर सुरू होईल. पण रद्द केलेल्या प्रमाणपत्रांचे काय?

प्रश्न : आमच्या कार्यालयात विंडोज सर्व्हरवर ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी सर्टिफिकेट सर्व्हिसेस’ चालते, म्हणजे तोच आमचा सीए (डिजिटल प्रमाणपत्रे देणारा सर्व्हर) आहे. त्या सर्व्हरची डिस्क निकामी झाली. त्याच नावाच्या नव्या यंत्रावर बॅकअप चढवला, तेव्हा सीएचे प्रमाणपत्र आणि खासगी की असलेली पी१२ फाइल मिळाली. डेटाबेस मात्र १८ दिवसांपूर्वीचा निघाला आणि रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात तिची) प्रत कुठेच नव्हती. या १८ दिवसांत आम्ही काही लॅपटॉपना नवी प्रमाणपत्रे दिली होती, तसेच हरवलेल्या दोन लॅपटॉपची प्रमाणपत्रे रद्द केली होती. त्यांपैकी एकाचे जुने होते, दुसऱ्याचे याच काळात दिलेले. वरिष्ठ म्हणतात, सेवा लगेच सुरू करा. करावी का?

उत्तर : आज करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. खासगी की हाती आहे, म्हणजे सीए वाचला आहे. ती नसती, तर नवी की तयार करून सर्वांना नव्याने प्रमाणपत्रे देण्यावाचून गत्यंतर नव्हते. विंडोज सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ यांच्या सिस्टिम स्टेट बॅकअपमध्ये सीएची खासगी की येतच नसे आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टला पुढे दुरुस्ती द्यावी लागली, हे पाहता आपली पी१२ फाइल वेगळी जपली गेली ही मोठीच गोष्ट आहे.

धोका दुसरीकडे आहे. सीआरएल, म्हणजे रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची यादी, सीए दर वेळी आपल्या डेटाबेसातून नव्याने तयार करतो, आणि आपल्या डेटाबेसाला ते दोन लॅपटॉप हरवल्याचे ठाऊकच नाही. सेवा सुरू झाली की लवकरच नवी यादी सीएच्या खऱ्या सहीनिशी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील (कार्यालयातील खाती आणि यंत्रांच्या नोंदी ठेवणाऱ्या विंडोजच्या निर्देशिकेतील) जुन्या यादीच्या जागी बसेल, यंत्रांनी साठवलेल्या जुन्या प्रतींची मुदत संपत जाईल आणि हरवलेल्या लॅपटॉपची प्रमाणपत्रे पुन्हा वैध ठरू लागतील. यात काही बिघडल्याचा संदेश कुठेही उमटणार नाही.

म्हणून सर्वांत आधी शेवटची प्रसिद्ध झालेली सीआरएल ताब्यात घ्यावी. मूळ मांडणीत मुख्य यादी आठवड्याला आणि डेल्टा यादी (मुख्य यादीनंतरच्या बदलांची छोटी यादी) रोज निघते. अलीकडे रद्द झालेले क्रमांक पुष्कळदा फक्त डेल्टा यादीतच असतात, तेव्हा जिच्या नावाच्या शेवटी अधिक चिन्ह असते ती फाइल विसरू नये. या फाइली आपल्या वेब सर्व्हरवर किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत मिळतील. तिथे नसल्या, तर एखाद्या वापरातल्या संगणकाच्या कॅशमध्ये सापडण्याची शक्यता असते. ‘सर्टयुटिल’ या विंडोजमधील प्रमाणपत्र-साधनाच्या डंप आदेशाने फाइल उघडली की प्रत्येक रद्द प्रमाणपत्राचा अनुक्रमांक, रद्द केल्याची तारीख आणि बहुधा कारणही दिसते.

त्यानंतर रजिस्ट्रीकडे वळावे. सीए कन्सोलमधून घेतलेल्या बॅकअपमध्ये की आणि डेटाबेस येतो. रजिस्ट्रीतील ‘सर्टएसव्हीसी’ (प्रमाणपत्र सेवा) या नावाखालच्या नोंदी त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या निर्यात कराव्या लागतात. आता त्या हाताने भराव्या लागतील. यासाठी पूर्वी दिलेले कोणतेही प्रमाणपत्र उघडून त्याच्या तपशिलात पाहावे. सीआरएल कुठून घ्यायची ते पत्ते तिथेच छापलेले असतात. तेच पत्ते अक्षर न् अक्षर तसेच राहिले पाहिजेत, कारण दिलेली सगळी प्रमाणपत्रे तिथेच यादी शोधत जातात. मात्र तूर्त यादी प्रसिद्ध करण्याचे ठिकाण म्हणून फक्त स्थानिक फोल्डर ठेवावा, फायरवॉलने बाहेरच्या विनंत्या अडवाव्यात, आणि मगच सेवा सुरू करावी. डेटाबेसची फाइल नुसतीच कॉपी केलेली असेल, तर ‘एसेन्टयूटिल’ या विंडोजच्या डेटाबेस-साधनाने तिची स्थिती आधी पाहावी, ‘डर्टी शटडाउन’ (डेटाबेस नीट बंद न झाल्याची खूण) दिसल्यास लॉग फाइली शोधाव्यात, कारण सक्तीच्या दुरुस्तीत नोंदी गळू शकतात.

पहिल्या लॅपटॉपचे प्रमाणपत्र जुने आहे, म्हणजे डेटाबेसात त्याची नोंद आहे. ते नेहमीच्या पद्धतीने पुन्हा रद्द करावे. दुसऱ्याची नोंदच नाही, त्यामुळे कन्सोलमध्ये ते दिसणार नाही. त्याची फाइल मिळाली, तर ‘सर्टयुटिल’च्या इम्पोर्टसर्ट आदेशाने ती डेटाबेसात घेता येते आणि मग रद्दही करता येते. प्रमाणपत्राच्या टेम्प्लेटमध्ये (साच्यात) तशी सोय ठेवली असेल, तर ही प्रत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील खात्यावर असते. तिथेही नसेल, तर ‘सर्टयुटिल’च्या साइन आदेशाने तो अनुक्रमांक सीआरएलमध्ये घालून यादीवर पुन्हा सही करता येते, परंतु सीएने काढलेल्या पुढच्या प्रत्येक यादीतून तो गळेल, आणि त्या प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत हे काम दर वेळी करावे लागेल. त्या लॅपटॉपचे संगणक-खाते मात्र आजच बंद करावे.

बाकीची नवी प्रमाणपत्रे लॅपटॉपवरून गोळा करून अशीच आयात करावीत. ऑडिट चालू असेल आणि सुरक्षा लॉग दुसऱ्या यंत्रावर जमा होत असेल, तर ४८८७ क्रमांकाच्या नोंदींत दिलेली आणि ४८७० क्रमांकाच्या नोंदींत रद्द केलेली प्रमाणपत्रे सापडतील. विनंती-क्रमांकावर विसंबू नये. जुना डेटाबेस तेच क्रमांक पुन्हा वापरतो, तेव्हा ओळख अनुक्रमांकानेच पटवावी. या १८ दिवसांत एखाद्याची की सीएकडे जतन केली गेली असेल, तर ती प्रत गेली. तिने कूटबद्ध केलेल्या फाइली असणाऱ्यांना आजच सांगावे, म्हणजे संगणकावरची मूळ की ते पुसणार नाहीत.

हे झाल्यावर स्थानिक फोल्डरात सीआरएल काढून तिचा क्रमांक जुन्या यादीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. आरएफसी ५२८० या प्रमाणपत्रांविषयीच्या इंटरनेट मानकाप्रमाणे हा क्रमांक सतत चढता असावा लागतो. तो मागे दिसला, तर जुन्याच्या पुढे जाईपर्यंत यादी पुन्हा पुन्हा काढावी. दोन्ही लॅपटॉपचे अनुक्रमांक नव्या यादीत डोळ्यांनी पाहिल्यावरच प्रसिद्धीचे मूळ पत्ते पूर्ववत करावेत आणि फायरवॉल उघडावी.