रेस्टॉरंटमधल्या लग्नाचे फोटो पहिल्यांदाच काढताय? एवढं बघा

चाळीस माणसं आणि मुंबईत समुद्राजवळचं रेस्टॉरंट? पहिल्या कामाला झकास. घाबरू नकोस.

आधी कागद. लग्न विशेष विवाह कायद्याने (१९५४) होणार असेल तर नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, शिवाय तीन साक्षीदार हवेत. ते पक्कं झाल्यावरच टेबलं बुक करायला सांग.

मग उजेड. लग्नाच्याच वेळेला आदल्या आठवड्यात तिथे जाऊन चहा पी. नवरानवरीला खिडकीजवळ बसव. पिवळ्या दिव्यांखाली सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे साडेपाचला दोघांना बाहेर काढायचंच, आइस्क्रीम वितळलं तरी चालेल.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- एसीतून थेट दमट हवेत गेलं की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं आधी बॅगेतच बाहेर नेऊन ठेव. माझे एकदा हार घालतानाचे सगळे फोटो धुक्यात गेले.
- जेवतानाचे फोटो. तोंडात घास असलेली मावशी आयुष्यभर विसरत नाही.
- ग्रुप फोटोंची यादी नसणं. सगळ्यांना ओळखणाऱ्या एखाद्या आत्याला हाताशी धर, ती बरोबर हाका मारते.

फ्लॅश, दुसरा कॅमेरा वगैरे सध्या राहू दे.